जुनेराची पावणी

मराठीत जुन्या कपड्याला जितकी नावं आहेत तितकी नव्या कपड्याला नाहीत. नवं ते नवंच. फार तर कोरं म्हणा, नाहीतर घडी न मोडलेलं म्हणा. पण कापड जुनं व्हायला लागलं की त्याच्या पायऱ्या सुरू होतात आणि दर पायरीला वेगळा शब्द. वापरून मऊ पडलेलं लुगडं म्हणजे जुनेर. ते मध्येच विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दांड घालणं म्हणतात. दांडही टिकेना झाला की धडपा. धडप्याचं बाळासाठी दुपटं, दुपट्याचं स्वयंपाकघरात फडकं, फडक्याची चिंधी, चिंधीचं पोतेरं. एवढं होऊनही एखादी धड चिंधी उरलीच तर तिचा पिळा करून, तेलात भिजवून काकडा पेटवायचा. कापड टाकून द्यायचं असतं हेच आपल्या आज्यांना माहीत नव्हतं.

असं असूनही दुसऱ्याचा जुना कपडा अंगावर घालायचा म्हटलं की आपलं मन आखडतं. घरातल्या घरात सगळं चालतं. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, आईची साडी लेकीला. बाळाला तर पहिले काही दिवस मुद्दाम जुन्या कापडाचीच झबली-टोपडी घालतात. जुनं सुती कापड मऊ असतं हे एक कारण, आणि ते घरातल्या दीर्घायुषी आजीच्या लुगड्याचं असेल तर तिचं आयुष्य बाळाला लाभतं ही श्रद्धा. पण तेच लुगडं उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरात गेलं की त्याचं नाव बदलतं. ते 'उतरलेलं' होतं. देणारा उतरवून देतो आणि घेणारा मान खाली घालून घेतो.

बोहारीण होती तोवर निदान देणाऱ्याच्या बाजूने हा प्रश्न नव्हता. ती दारात बसायची, आमच्या आया पाच पॅन्टी आणि दोन साड्या पुढे टाकायच्या, आणि मग एका स्टीलच्या पातेल्यावरून तासभर घासाघीस चालायची. कपडा पिळून बघणारी, उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधणारी बोहारीण म्हणजे एक परीक्षकच होती. तिला कोणी कपडे दान दिले नाहीत आणि तिनेही कोणाला पातेलं फुकट दिलं नाही. दोघी सारख्याच चिवट, त्यामुळे दोघी सारख्याच ताठ. पुढे ते कपडे कुठल्या बाजारात जातात, कोण घालतं, याची चौकशी मात्र कोणी करत नसे.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते बोरगावमुळे.

बोरगाव म्हणजे निपाणी तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठचं. माझी सासुरवाडी. पणजीहून निघालं की आंबोली घाट चढून आजरा, उत्तूर करत निपाणी गाठायची आणि तिथून आत वळायचं. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली तेव्हा हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे कचेरीची पाटी कानडी, घरातलं बोलणं मराठी आणि बाजार महाराष्ट्रातल्या इचलकरंजीचा, असा तिथला त्रिवेणी संगम आहे. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालू केला तो १९०४ साली. तेव्हापासून त्या गावाने कापड विणण्याशिवाय दुसरं काही फारसं मनावर घेतलेलं नाही. सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर रात्रंदिवस नवं कापड विणलं जात असताना अलीकडच्या मुलांनी जुन्या कपड्यांचा स्टॉल मांडला आहे, असं बायकोच्या भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं होतं.

ही भाची बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आत्याच्या नवऱ्याला तिकडे मामाच म्हणतात, म्हणून मी तिचा मामा. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या छत्राखाली त्या भागात जी महाविद्यालयं आहेत त्यांपैकी एकातली ही मुलं. महाविद्यालयाचं नाव लिहू नका असं त्यांनी मला बजावलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "मामा, तिथनं कपडे घेणारी पोरंपण त्याच कॉलेजातली आहेत की." पुढे काही बोलायची गरज उरली नाही.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत. आमच्या वेळी त्यात श्रमदान, रस्ता आणि वृक्षारोपण एवढंच असायचं. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप! त्याच योजनेतल्या दहा-बारा स्वयंसेवक मुला-मुलींनी महिन्यातून एक शनिवार महाविद्यालयाच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली हा स्टॉल चालवायला घेतला. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आम्ही गेलो होतो, त्याच्या आदल्या दिवशीच त्यांचा शनिवार आला. म्हणून मी तो उभा राहून, अगदी पहिल्या गाठोड्यापासून पाहिला.

या मुलांना हे सुचलं कसं, ते आधी सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या लक्षात असेल. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा एकदम चढल्या आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव तिन्ही जिल्हे पाण्यात गेले. निपाणीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. नद्यांना सीमाप्रश्न ठाऊक नसतो. पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले, आणि त्यात धान्याइतकेच कपडे आले. भाची तेव्हा शाळेत होती. शाळेतल्या छावणीत कपड्यांचा ढीग छातीपर्यंत आला होता, असं ती सांगते. त्यात एका पायाचे मोजे होते, चेन तुटलेल्या पॅन्टी होत्या, कुणाचा तरी टिकल्यांचा पार्टीतला झगा होता. सगळं घर चिखलात गेलेली एक बाई तो झगा हातात धरून बराच वेळ नुसती उभी होती. तिला नेसायला लुगडं हवं होतं. रडावं की हसावं हे तिला कळेना आणि ढिगाशेजारी उभ्या असलेल्या आम्हालाही कळेना, असं भाचीने मला सांगितलं.

ढीग सगळीकडे असेच पडतात. २००१ च्या भूज भूकंपात हेच झालं आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हेच. देणाऱ्यांची दानत खोटी होती असं नाही. पण आपण पुष्कळदा कपाट रिकामं करतो आणि त्याला मदत म्हणतो. कोणाला काय लागेल हा विचार करायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणाऱ्याला नसतो. तेव्हा कोणीतरी मधे बसून तो वेळ द्यावा लागतो. स्वयंसेवकाचं खरं काम ते. त्या मुलांचं काम मी पाहिलं तेव्हा हे मला पटलं.

शनिवारी स्टॉल असला तरी काम गुरुवारपासून सुरू होतं. गाठोडी सोडून चार ढीग करतात. पहिला, जसाच्या तसा घालता येईल असा. दुसरा, बटण, हुक, उसवलेली शिवण एवढ्यावर सुधारेल असा. तिसरा वाकळीचा. आणि चौथा, पुसायला जाणाऱ्या फडक्यांचा. (आपण गोधडी म्हणतो तिला कोल्हापूर-निपाणीकडे वाकळ म्हणतात. कानडीत ती कौदी होते, आणि हल्याळ-यल्लापूरच्या जंगलातल्या सिद्दी बायका शिवतात ती कवंद. कापड तेच, टाके तेच.) आतले कपडे घ्यायचे नाहीत. प्रत्येक खिसा उलटा करायचा. खिशात काय काय मिळतं याची त्यांनी एक यादीच मला ऐकवली. एसटीची तिकिटं, डॉक्टरची चिठ्ठी, तपकिरीची डबी, एकदा चक्क पाचशेची नोट. नोट ज्याची होती त्याला परत नेऊन दिली तर तो म्हणाला, माझ्या खिशात पाचशे रुपये असतील यावर बायकोचा विश्वास बसणार नाही, तुम्हीच ठेवा!

बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे. शिवणयंत्र एका शिंप्याने दोन दिवसांपुरतं दिलेलं. कपडे धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून टांगलेले असतात. जमिनीवर ढीग नाही, ही त्यांची पहिली अट. ढीग असला की माणूस वाकतो आणि उपसतो. टांगलेलं असलं की तो उभा राहून निवडतो. पत्र्याच्या एका कोपऱ्यात चादर बांधून कपडे बदलायला जागा केली होती आणि तिच्या बाहेर एक पुरुषभर उंचीचा आरसा ठेवला होता. फुटक्या कपाटाच्या दाराचा काढलेला. मी नोकरीच्या निमित्ताने वस्तुवाटपाचे पुष्कळ कार्यक्रम पाहिले. हार, फोटो, चेक, सगळं असतं तिथे. आरसा कुठे पाहिल्याचं आठवत नाही. फुकट घेणाऱ्याने, ते आपल्याला कसं दिसतं हे बघायचं नसतं, असं आपण गृहीतच धरलेलं असतं.

आणि इथे काही फुकट नाही. शर्ट ३० रुपये, पॅन्ट ४०, साडी ५० ते ६०, लहान मुलांचं काहीही १०. घासाघीस नाही आणि सवलतही नाही. विकत घेणाऱ्याचं नाव कुठेही लिहून घ्यायचं नाही. आम्ही कारकून मंडळी नोंदवहीवर जीव टाकणारी, त्यामुळे मी आधी वही मागितली. वहीत फक्त वस्तू आणि रक्कम. आलेल्या पैशांतून परीक्षेची फी भरायला अडलेल्या मुलांची फी एक प्राध्यापक परस्पर भरतात. कोणाची भरली ते स्वयंसेवकांनाही कळत नाही. देणाऱ्यासाठी एकच नियम, आपला कपडा कोणी नेला हे विचारायचं नाही.

पलीकडे एक वेगळं टेबल होतं. त्यावर जुनी इरकली लुगडी, गुळेदगुड्डचे खण, एक काळा बंद गळ्याचा कोट, सत्तरच्या दशकातले मोठ्या कॉलरचे दोन टेरिलिनचे शर्ट. या टेबलाला मुलांनी 'विंटेज' अशी पाटी लावली होती. हा शब्द आता त्यांच्याकडेही पोचला आहे. कोल्हापूर-बेळगावहून हौशी लोक येतात आणि या टेबलावरच्या वस्तूंना सहाशे-आठशे रुपये देतात. खरी कमाई इथली. इरकल कसं ओळखायचं हेही या मुलांनी शिकून घेतलं आहे. अंगाचा सुती ताणा वेगळा आणि लाल रेशमी पदराचा ताणा वेगळा, आणि माग चढवताना दोन्ही धाग्यांच्या कोंड्या एकमेकींत अडकवून जोडलेले. तो जोड बोटाला लागतो. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं ते कसब. टोपपदर आणि गोमी काठ हे शब्द एकोणीस वर्षांच्या पोरांच्या तोंडून ऐकताना मला खरंच बरं वाटलं.

पण मग मी भाचीला अडचणीचा प्रश्न विचारला. इरकल आठशेला जाणार असेल तर ते नेसणाऱ्या बाईला परवडणार कसं? ते लुगडं ज्या बाईचं रोजचं नेसण आहे तिच्याच हातून तुम्ही ते काढून घेताय की! ती हसली. म्हणाली, "त्याचा नियम आहे, मामा. पहिले दोन तास नेसणाऱ्या बायकांचे. जी नेसणार तिला साठ, जी कापून उशीचे अभ्रे शिवणार तिला सहाशे." ओळखता कसं? "नऊवारी नेसूनच येतात की त्या!"

हा नियम माझ्या मनातून जात नाही. वस्तू एक आणि किमती दोन, तरी त्यात लबाडी नाही. एकीला ते वस्त्र आहे आणि दुसरीला शोभा. वस्त्राची किंमत कमी आणि शोभेची जास्त, हा हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसतो की नाही कोण जाणे, पण सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तो छान बसला होता.

आता आमच्या घरातली गोष्ट. सासूबाईंची सात इरकली लुगडी ट्रंकेत तशीच होती. वर्ष झालं तरी त्यांचं काय करायचं हे ठरेना. मेहुण्याचं म्हणणं, एखाद्या आश्रमात देऊन टाकू. बायकोला त्यांना हात लावणंच नको वाटे. भाचीने स्टॉलचं नाव काढलं तेव्हा घरातल्या एक वडीलधाऱ्या मावशी कडाडल्या, "गेलेल्या माणसाची लुगडी बाजारात मांडून पैसे करायचे? आपल्यावर काय वेळ आली आहे?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. जाणाऱ्याचे कपडे द्यायचे ते दान म्हणून, ही रीत. विकायचे म्हणजे आईचाच भाव करण्यासारखं त्यांना वाटलं.

सासूबाईंबरोबर तंबाखूच्या शेतात तीस-पस्तीस वर्षं काम केलेल्या एक बाई गावात आहेत. यांपैकी एक लुगडं त्यांना द्यावं असं बायकोच्या मनात होतं. वर्षापूर्वी ती ते घेऊन त्यांच्या घरी गेलीही होती. त्यांनी चहा पाजला आणि लुगडं परत पाठवलं. "नगं पोरी," एवढंच. बायकोला ते लागलं होतं. आपलं काही चुकलं का, म्हणून ती वर्षभर आठवत होती.

शेवटी सातातली चार लुगडी स्टॉलवर गेली. शनिवारी पहिल्या दोन तासांत त्या बाई आल्या. एकेक लुगडं हाताने चाचपून पाहिलं. काळ्या अंगाचं, गोमी काठाचं एक उचललं, पदर खांद्यावर टाकला आणि आरशापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग कनवटीचे पैसे काढून भाचीच्या हातावर मोजले. साठ रुपये, त्यात नाणी बरीच. बायको शेजारीच उभी होती. तिला न राहवून तिने विचारलं, मी घरी आणून दिलं तेव्हा का नाही घेतलंत? त्या म्हणाल्या, "फुकाट नगं बग पोरी. तुजी आय असती आनि तिनं दिलं असतं तर घेतलं असतं. तिचं माजं येगळं हुतं. आता तिच्यामागं कुनाकडनं दान घिऊ? इकत घेतलं की हक्काचं झालं."

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्धाच्या जेवणाला त्या तेच लुगडं नेसून आल्या. अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. मावशीही बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण वाढताना त्यांनी त्या पानावर एक पुरणपोळी जास्त वाढली.

दान आणि विक्री यांच्यात आपण उगाच मोठी भिंत बांधली आहे असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या गोव्यातल्या देवळांतली पावणी आठवा. जत्रेच्या रात्री देवीला वाहिलेली साडी, नारळ, केळ्यांचा घड यांचा लिलाव पुकारला जातो आणि माणसं चढाओढीने बोली बोलतात. कोल्हापूरला अंबाबाईला वाहिलेल्या साड्या देवस्थान समिती भाविकांना विकते. तिरुपतीहून अंबाबाईला येणाऱ्या शालूचाही लिलाव होत आला आहे. आता नीट पाहिलं तर ही साडी आधी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर, म्हणजे देवीच्या अंगावर चढलेली. आपण ती पैसे देऊन घेतो, ते पैसे देवस्थानाच्या कामाला जातात आणि ती नेसताना आपल्याला धन्य वाटतं. बोरगावच्या मुलांनी जे केलं ते याहून निराळं काय आहे? आधी कोण नेसलं होतं एवढाच फरक. देवी नेसली तर प्रसाद, नट नेसला तर विंटेज आणि शेजारीण नेसली तर उतरलेलं!

बाहेरच्या जगातही हाच शोध लोकांना वेगवेगळ्या वाटांनी लागला आहे. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गावी निघाली, युद्धात उपाशी पडलेल्या ग्रीसमधल्या लोकांसाठी. त्या दशकाच्या शेवटी त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर, कॉलेजांच्या अगदी समोर, लोकांनी दिलेल्या वस्तूंचं दुकान थाटलं. आज इंग्लंडात अशी दुकानं गावोगाव आहेत आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. तिथे शिरायला कोणाला लाज वाटत नाही, कारण आत प्राध्यापकही असतो आणि बेकारही, आणि दोघंही पैसे मोजून बाहेर पडतात.

आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली घरातल्या ६७ कपड्यांवर 'गूंज' सुरू केली. पुढे २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातला मला सगळ्यात भावलेला भाग हा की ते गावाला कपडे वाटत नाहीत. गावाने विहीर उपसायची, रस्ता करायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. त्सुनामीनंतर तमिळनाडूत पडून राहिलेले कपडेही त्यांनी कामाला लावले, न घालण्याजोग्या सुती कापडाच्या बायकांसाठी घड्या करून. म्हणजे तिथेही पुन्हा तेच: निवडणं, धुणं, दर तुकड्याची जागा शोधणं.

याउलट माणुसकीची भिंत. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ साली एका भिंतीला खुंट्या ठोकून, नको असलेले कपडे टांगा आणि हवे असतील ते न्या, अशी कल्पना निघाली. पाठोपाठ ती आपल्याकडे आली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत या नावाने भिंती रंगल्या. कल्पना सुंदर आहे. पण मी पाहिलेल्या दोन भिंतींवर पहिल्या पावसानंतर भिजकी धडुती लोंबत होती. खुंटी ठोकायला एक दिवस लागतो, पण रोज तिथे बसून निवडणारं माणूस लागतं, आणि ते नसलं की भिंत आणि ढीग यांत फार फरक उरत नाही. शिवाय भर रस्त्यावर, दहा जणांच्या देखत खुंटीवरचा शर्ट काढायला फार धीर लागतो.

योगायोग असा की बोरगावजवळच्याच भोज गावची एक गोष्ट इथे अगदी चपखल बसते. दिगंबर जैन परंपरेतले विसाव्या शतकातले थोर आचार्य शांतिसागर महाराज हे भोजचे, पूर्वाश्रमीचे सातगौडा पाटील. जन्म १८७२ चा. मुनिदीक्षा घेऊन वस्त्राचाच त्याग करण्याआधी ते भावाबरोबर कापडाचं दुकान सांभाळत. त्यांच्या चरित्रात सांगतात की गिऱ्हाईक आलं तर ते म्हणत, हवं ते कापड तुम्हीच निवडा, तुम्हीच मोजून फाडून घ्या आणि वहीत तुम्हीच लिहून ठेवा. त्यांचं मन दुकानात नव्हतंच, पण गिऱ्हाइकावर विश्वास मात्र पुरा होता. सायकल स्टँडखालच्या मुलांनी ही गोष्ट वाचली असेल असं नाही. पण घेणाऱ्याने स्वतः निवडावं, आपण मधे फार येऊ नये, ही समज त्या मातीत आधीपासून आहे असं मानायला मला आवडेल.

आणि आपल्याकडे? हिप्पी मंडळींनी सत्तरच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर आपल्या जीन्स आणि झगे विकून पुढच्या प्रवासाचे पैसे उभे केले, त्यातून बुधवारचा तो जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला. जुने कपडे विकणं आपल्याला नवं नाही, फक्त ते परक्यांचं काम असं आपण समजतो. आपल्या ताळगावच्या पठारावर १९८५ पासून विद्यापीठ आहे. तिथे सत्तरीतून, काणकोणातून, सांग्यातून मुलं येतात आणि त्यांतल्या कोणाची फी अडते हे त्यांच्या मित्रांना पक्कं ठाऊक असतं. आपल्या घरोघरी दोन लग्नांत नेसून झालेल्या साड्यांनी कपाटं फुगली आहेत. दहा मुलं, एक शिवणयंत्र, एक बटणांचा डबा. एवढ्यावर इथेही एक शनिवार सहज निघेल.

तोवर आपल्यापुरतं एवढं करता येईल. कपडे द्यायचे झाले तर ते धुऊन, तुटलेलं बटण लावून, घडी घालून द्यावेत. खिसे तपासावेत. आपण स्वतः पैसे देऊन घेणार नाही असा कपडा दुसऱ्याला देऊ नये. फाटकं असेल तर त्याची वाकळ शिवून घ्यावी, शिवणाऱ्या बायका अजून आहेत आणि त्यांना मजुरी हवी आहे. आणि कोणी असा स्टॉल काढणार असेल तर आमच्या घरातून एक आरसा मिळेल. थोडा डागाळला आहे, पण त्यात अख्खा माणूस दिसतो.